किंब्रेलचं चौथं चाक

एल्क बेंडच्या जत्रेच्या मैदानात, गुरांच्या गोठ्यांना लागून, पत्र्याची एक शेड आहे आणि त्या शेडमध्ये अम्ब्रोज किंब्रेलची जुनी गाडी उभी आहे. वर कापडाचं छप्पर ताणलेल्या असल्या गाड्यांतूनच आमच्या नेब्रास्कात सगळ्यांचे आजे-पणजे आले. पण बाकीच्यांनी पुढे त्या गाड्यांची कोंबड्यांची खुराडी केली, नाहीतर एखाद्या कडाक्याच्या हिवाळ्यात फळीफळीने चुलीत घातल्या. किंब्रेलांची तेवढी राहिली. म्हणून दर वर्षी शाळेतली मुलं ती बघायला आणतात, आणि बाई तोंड उघडायच्या आत कुणीतरी ओरडतंच, "बाई, एक चाक वेगळंय!"

वेगळं आहेच. तीन चाकांवरची लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचं कडं, चांगली तीन बोटं रुंद. मागच्या डाव्या चाकावरची जेमतेम दीड बोट. दांडग्या बापयाने एका पायात बायकोची चप्पल घालावी तसं ते दिसतं.

यावर गावाने केव्हाच निकाल देऊन टाकला होता. अम्ब्रोज लोहारकाम करायचा, पण असा चिक्कू, की स्वतःच्या गाडीच्या चौथ्या चाकालासुद्धा त्याच्या हातून पुरतं लोखंड सुटलं नाही! तेव्हापासून एल्क बेंडमध्ये कुणी पाईचा तुकडा लहान कापला की समोरचा म्हणणार, "हे काय, किंब्रेलचं चाक वाढलंस?" न्हाव्याने केस कमी कापले, तरी किंब्रेलचं चाक. पाद्रीबाबांनी एका रविवारी प्रवचन लवकर आटोपलं, तर मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "हे किंब्रेलचं चाक मात्र रोज चालेल."

एमेट स्ट्राउडची आई डेल्फिया ही या अम्ब्रोजची धाकटी मुलगी. त्यामुळे शाळेत एमेटला त्या चाकावरून इतक्यांदा चिडवलं गेलं आणि त्याने इतक्यांदा शर्ट फाडून घेतला, की आईने शेवटी त्याच्या शर्टांना बटणं लावायचंच सोडलं. तो रडत घरी आला की ती एवढंच म्हणायची, "गाडी इथवर आली ना? मग झालं तर."

बाकी फार बोलणारी बाई नव्हती ती. वाढदिवसाला मात्र तिची एक रीत होती. मे महिन्यात तिचा वाढदिवस. त्या दिवशी ती बरणीतल्या प्लमची पाई भाजायची, सगळ्यांना वाढायची आणि एक तुकडा बशीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. "कुणाला गं?" असं विचारलं तर म्हणायची, "असेल कुणीतरी."

एमेटला माहीत होतं कुणाला ते. एमेटला! सगळे जेवणघरात बसले की तो मागच्या बाजूने जाऊन बोटं चाटत तो तुकडा संपवायचा. आई कधी रागावली नाही. आई एकोणीसशे एकेचाळीस साली गेली आणि ती बशी आठवण्याचं कुणाला कारण उरलं नाही.

एमेट मोठा झाला आणि टपाल वाटायला लागला. छत्तीस वर्षं वाटलं. आधी घोडागाडीतून, मग एका फोर्डमधून, मग दुसऱ्या. आमच्या भागातला टपालवाला म्हणजे नुसती पत्रं टाकून जाणारा माणूस नव्हे. तो म्हाताऱ्यांची पत्रं वाचून दाखवतो, सुईदोरा आणून देतो, आणि गाय विणार असेल तर थांबतोसुद्धा. पाकिटावरच्या अक्षरावरून एमेट सांगायचा, "ही तुझी बहीण रागावलेली दिसतेय गं, उघडण्याआधी बसून घे."

अशा माणसाला एकदा आपलं कुळ शोधायचं वेड लागलं. त्याची रीत अगदी टपालवाल्याची. नकाशा पुढ्यात घ्यायचा, आणि किंब्रेलांची गाडी ज्या वाटेने गेली असेल त्या वाटेवरच्या गावोगावच्या पोस्टमास्तरांना एकेक कार्ड टाकायचं: "टपालवाल्याचा टपालवाल्याला नमस्कार. तुमच्याकडच्या टपालाच्या खणांत कुणी किंब्रेल आहे का?" सरकारी कागदाला जो माणूस सहा महिने उत्तर देणार नाही, तो असल्या कार्डाला आठवड्यात देतो. वायोमिंगमधून उत्तर आलं: "एक आहे. सध्या शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पळवल्याबद्दल कोठडीत आहे. तुमचा असेल तर कृपया घेऊन जा." एमेटची थोरली बहीण ओपल पलीकडच्याच घरात राहायची. तिने ते कार्ड वाचलं आणि म्हणाली, "आपलाच. मामाला नव्हते का दुसऱ्याचेच घोडे आवडायचे? लिही." ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या एका किंब्रेलने घरच्यांची सोळा नावं पाठवली आणि खाली लिहिलं, "यातले दोन कुत्रे आहेत. कोणते ते ओळखा." एमेटने ओळखायला दोन महिने घेतले आणि एक चुकला.

असं करत करत त्याने सगळी वाट जुळवली. ओहायोत निघाले, इलिनॉयमध्ये सहा वर्षं टेकले, आयोवात अम्ब्रोजने भट्टी घातली, तिथून खाली कॅन्सासमध्ये कुठेतरी तीन वर्षं, आणि अठराशे पंच्याहत्तर साली वर एल्क बेंडला. इथून मुलं पांगली ती आयडाहो, मोंटाना, ऑरेगनपर्यंत. फक्त ते 'कॅन्सासमध्ये कुठेतरी' त्याला सापडत नव्हतं. घरी एवढंच सांगत आले होते, की तिथे टोळ आले, पीक खाल्लं, कांदे खाल्ले, खिडकीचे पडदे खाल्ले, खुरप्याची घामाने खारवलेली मूठ कुरतडली, आणि मग आम्ही निघालो.

आलेली पत्रं तो बुटांच्या दोन खोक्यांत ठेवायचा. एकावर लिहिलं होतं 'आपले', दुसऱ्यावर 'आपले नव्हेत'.

अठ्ठेचाळीस साली कॅन्सासमधल्या प्लम हॉलो नावाच्या खेड्यातून मिसेस ग्रोव्ह नावाच्या चर्चच्या बाईंचं पत्र आलं होतं. पोस्टमास्तरने एमेटचं कार्ड त्यांना दाखवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, "आमच्या जुन्या दफनभूमीत एक कबर आहे. डेल्फिया किंब्रेल, मृत्यू १८७३, वय दोन वर्षं तीन महिने. तुमच्यापैकी आहे का?"

एमेट ते वाचून हसला होता. डेल्फिया किंब्रेल म्हणजे तर त्याची आई! ती जन्मलीच चौऱ्याहत्तरला, आणि सदुसष्ट वर्षं जगली. त्याने त्याच संध्याकाळी सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं: "आमच्या डेल्फियाला आम्हीच सात वर्षांपूर्वी पुरलं. ही मुलगी आमची नव्हे. तसदीबद्दल क्षमस्व." पत्र गेलं दुसऱ्या खोक्यात.

पुढे बासष्ट सालच्या जुलैत प्लम हॉलोजवळ धरण बांधायला घेतलं. दफनभूमी पाण्याखाली जाणार होती. कुठल्या कबरी हलवायच्या त्याची यादी आमच्याही टपालखात्याच्या फळ्यावर लागली. ज्यांचे वारस वीस ऑगस्टपर्यंत पुढे येतील त्यांच्या कबरी ते सांगतील तिथे हलवू. बाकीच्या सगळ्या एका चरात, नुसत्या आकड्याखाली. नव्या पोस्टमास्तरने बोट ठेवून दाखवलं, "एमेट, हे बघ, किंब्रेल."

"पाहिलंय रे, चौदा वर्षांपूर्वीच पाहिलंय," एमेट म्हणाला. "आपली नव्हे ती."

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी किंब्रेलांचं संमेलन भरतं. नदीकाठी, कॉटनवुडच्या झाडांखाली. लांब टेबलं, तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड, मक्याची कणसं, आणि पोरांनी उलथवलेली लिंबूपाण्याची पिंपं. एमेटने त्या वर्षी मोठाच घाट घातला होता. वॉलपेपरच्या उलट्या बाजूला त्याने सगळी वंशावळ लिहून काढली होती आणि तो सत्तावीस फुटी कागद दोन झाडांमध्ये वाळत घातला होता, कपड्यांच्या चिमट्यांनी.

त्या दिवशी आयडाहोहून झेला आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, काठी टेकत, नातवाच्या मोटारीतून तीन दिवस धूळ खात. ही एमेटची मावसबहीण, त्याच्या आईची थोरली बहीण लव्हायना हिची मुलगी. एमेटचा पत्रव्यवहार आजवर झेलाच्या भावाशी व्हायचा. झेलाला कुणी काही विचारलंच नव्हतं.

झेलाने हातात कणीस घेतलं आणि कागदाच्या एका टोकापासून चालायला लागली. वाचत, चावत, थांबत. एमेट मागे मागे, परीक्षेचा निकाल ऐकायला उभा राहावा तसा.

"अक्षर चांगलंय," झेला म्हणाली.

"टपालखात्यात होतो ना."

"माझं वय दोन वर्षांनी वाढवलंयस."

"तुझ्या भावाने कळवलं तसं लिहिलं."

"तो मेला ते बरं झालं." ती पुढे गेली आणि अम्ब्रोजच्या मुलांच्या ओळीशी थांबली. मग काठीने कागदावर टकटक केलं. "पहिली डेल्फिया कुठाय?"

"ही काय. माझी आई."

"ही दुसरी. मी पहिलीचं विचारतेय."

"दुसरी कसली? आई एकच होती आम्हाला!"

टेबलापासून ओपल ओरडली, "झेला, उन्हात उभी राहू नकोस! त्याला काय, तो बोलतच राहील!"

झेलाने एमेटकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुला खरंच माहीत नाही? अरे बाबा, प्लम हॉलोला गेली ना ती. तापाने. दोन वर्षांची होती. माझी आई तेव्हा सात वर्षांची, तिच्याच मांडीवर गेली. पुढच्या मे महिन्यात तुझी आई झाली, तेव्हा आजीने तिला तेच नाव दिलं. नाव रिकामं राहू नये म्हणून."

आता ही रीत एमेटला ठाऊक नव्हती असं नाही. मूल गेलं की त्याचं नाव पुढच्याला द्यायचं, हे त्या पिढीत घरोघर चालायचं. शेजारच्या घराण्याची वंशावळ त्यानेच लिहून दिली होती आणि तीत एकामागोमाग तीन एझ्रा होते. पण आपल्याच आईचं नाव आधी कुणी वापरलेलं असेल, हे कुणाच्या मनात येतं?

"प्लम हॉलो," एमेट म्हणाला.

"हो तर. तिथे दगड नाही मिळत. नुसतं गवत आणि प्लमची झुडपं. लाकडाचे क्रूस उभे केले, तर शरदात वणवा लागला की सगळे जळून जायचे; आदल्याच वर्षी शेजाऱ्यांच्या बाळाचा जळाला होता. मग आजोबांनी गाडीचं मागचं चाक काढलं, त्याची धाव उतरवली, तिच्यावर छिन्नीने नाव कोरलं आणि ते कडं अर्धं जमिनीत पुरून उभं केलं. आजी म्हणाली, 'अहो, मग गाडी?' तर म्हणाले, 'आता गाडी कुठं चाललीय?' वर्षभर गाडी त्या कोपऱ्याला ओंडका लावून उभी. आई सांगायची, आम्ही पोरं तिच्यावरून घसरगुंडी खेळायचो."

ओपल हातात कोंबडीची तंगडी घेऊन उठून आली होती आणि ती तंगडी तशीच धरून राहिली होती.

"मग टोळ आले," झेला म्हणाली. "निघावं लागलं. सगळे सांगत होते, अम्ब्रोज, ते कडं काढून घे, वाटेत मरशील. त्यांनी ऐकलं नाही. शेजाऱ्याच्या मोडक्या खटाऱ्याचं लोखंड होतं, त्याचीच बारीकशी धाव करून चढवली, आणि आले की इथवर."

"आणि आपण साठ वर्षं," ओपल हळूच म्हणाली, "त्या माणसाला चिक्कू म्हणतोय. मीसुद्धा. कालच म्हणाले, त्या न्हाव्याला."

एमेट ऐकत नव्हता. तो घराकडे निघाला होता, आणि पासष्ट वर्षांच्या माणसाने जितकं पळू नये तितकं पळत होता. परत आला तो 'आपले नव्हेत'चं खोकं घेऊन. मिसेस ग्रोव्हचं पत्र त्यात तळाशी होतं. त्याने ते झेलापुढे धरलं.

"मी नाही म्हणून कळवलं, झेला. लेखी कळवलं."

"मला विचारायचंस."

"उद्या वीस तारीख आहे," एमेट म्हणाला. "उद्या शेवटचा दिवस. नाहीतर ती चरात जाणार. आकड्याखाली."

त्या संध्याकाळी संमेलनातली भांडी दुसऱ्यांनी घासली. एमेट आणि ओपल मैदानातल्या शेडमध्ये गेले. अम्ब्रोजची एक वस्तू एमेटकडे होती: चाकाचा घेर मोजायची लोखंडी चकती, लाकडी मुठीची. चाकावरून ती फिरवायची आणि किती फेरे झाले ते मोजायचं. मागच्या उजव्या चाकावर फिरवली: सहा फेरे, आणि वर दोन वीत. मग ओपलने डोळे बारीक करून सांध्यापाशी पाहिलं. "एमेट, इथे काहीतरी ठोकलंय." तीन खाचा होत्या, कोंबडीच्या पावलासारख्या, मधली किंचित वाकडी. तिन्ही रुंद धावांवर तशाच. बारीकवर नव्हत्या, ती घाईत झाली असणार. एमेटने पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासली आणि ती खूण उतरवून घेतली. लहानपणी नाण्यांची उतरवायचो, तशी.

सोमवारी पहाटे पाचला तिघं एमेटच्या जुन्या ट्रकच्या एका बाकावर बसून निघाली. एकशे नव्वद मैल. झेला मध्ये.

"गिअर टाकताना दर वेळी माझ्या गुडघ्याला मारतोयस."

"गुडघा जरा तिकडे घे की."

"तिकडे ओपल आहे. ओपल काही कमी नाही."

"मी डबा घेतलाय," ओपल म्हणाली, "त्यामुळे जपून बोल."

धरणाचं कार्यालय प्लम हॉलोच्या रिकाम्या शाळेत मांडलं होतं. फळ्यावर अजून बेरजा होत्या. मिस लिंडक्विस्ट नावाची तिशीची एक बाई टेबलाशी बसली होती. कामाने दमलेली, पण आवाज चढवणारी नव्हे. एमेटने टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं. तिने कपाटातून एक पाकीट काढलं, उघडलं आणि त्यातला एक कागद टेबलावर त्याच्याकडे फिरवला.

"मिस्टर स्ट्राउड, मिसेस ग्रोव्ह गेल्या वर्षी वारल्या. त्यांनी जपलेले सगळे कागद आमच्याकडे आले. हे पत्र कुणाचं?"

स्वच्छ, गोल, कुठे खाडाखोड नाही. 'ही मुलगी आमची नव्हे.'

"माझंच," एमेट म्हणाला.

"मग आता मी काय मानू?"

"त्याचं ऐकू नका हो," ओपल मध्ये पडली. "तो लहानपणापासून चुकासुद्धा सुवाच्य अक्षरात करतो."

मिस लिंडक्विस्ट हसली नाही, पण तोंड आवळून धरावं लागलं तिला. "मला पुरावा लागेल हो. आठवण म्हणजे कागद नव्हे. काल एक गृहस्थ येऊन चार कबरी आपल्या म्हणाले, आणि त्यातली एक घोड्याची निघाली."

एमेट खुर्चीत बसला. छत्तीस वर्षांत त्याने एकही पत्र चुकीच्या घरी टाकलं नव्हतं. वादळात, बर्फात, पूल वाहून गेला तेव्हा. त्याचा त्याला अभिमान होता. आणि इथे दोन वर्षांच्या मुलीला तिच्या घरचा पत्ता विचारला गेला, तेव्हा दारात उभं राहून त्यानेच सांगितलं होतं, इथे असं कुणी राहत नाही.

"माझ्याजवळ एक चकती आहे," तो म्हणाला.

"कसली?"

त्याने चकती आणि पेन्सिलीचा कागद टेबलावर ठेवला आणि चाकाचं सांगितलं. मिस लिंडक्विस्टने घड्याळ पाहिलं, मग खिडकीबाहेर. "घेर किती भरला तो आकडा मला आत्ता सांगू नका," ती म्हणाली. "तुमच्या बहिणीला कागदावर लिहून द्या. मोजणार मी."

दफनभूमीत अर्ध्याअधिक कबरी हलवून झाल्या होत्या. प्लमच्या झुडपांना लालभडक फळं लागली होती. कोपऱ्यात, गवतात, गंजून काळं पडलेलं अर्धं कडं उभं होतं, लहान मुलाने वाकून आत शिरावं एवढ्या उंचीचं. वर अक्षरं. एमेटने त्यांवरून अंगठा फिरवला. एका मजुराने हलक्या हाताने माती काढली आणि कडं आडवं ठेवलं.

मिस लिंडक्विस्ट गुडघ्यांवर बसली आणि चकती फिरवायला लागली. मोठ्याने मोजत. झेलाने काठी दोन्ही हातांनी धरली होती. पाच. सहा. मग मिस लिंडक्विस्टने उरलेल्या भागावर हात पसरला. एक वीत. दोन वीत. संपलं.

ओपलने घडी केलेला कागद दिला. तिने वाचला.

"अशी चाकं शेकड्यांनी असतील," ती म्हणाली, पण पहिल्यासारखं नाही.

"सांधा बघा," एमेट म्हणाला. "सांध्याजवळ."

तिने गंज खरवडला, आधी नखाने, मग ऑफिसच्या किल्लीने. कोंबडीचं पाऊल. मधलं बोट किंचित वाकडं. तिने पेन्सिलीचा कागद त्यावर ठेवला आणि जरासा सरकवला. बसला. झेलाने नाक पुसलं आणि म्हणाली, "आजोबांचा हात जरा वाकडाच पडायचा."

शाळेत परत आल्यावर मिस लिंडक्विस्टने अर्ज काढला. नाव, गाव, सगळं भरून झालं. "मृत व्यक्तीशी तुमचं नातं?"

एमेटने लेखणी घेतली आणि थांबला. याचा विचार त्याने केलाच नव्हता. पत्रांत, खोक्यांत, सत्तावीस फूट कागदावर त्याने सगळ्यांची नाती लिहिली होती, पण हे नव्हतं लिहिलं. मग त्याने त्याच त्या स्वच्छ, गोल अक्षरात लिहिलं: 'मावशी'. आणि वयाच्या रकान्यात: 'दोन वर्षं तीन महिने'.

मिस लिंडक्विस्टने ते वाचलं. मग पाकिटातलं जुनं पत्र काढून त्याच्या हातात दिलं. "हे आता आमच्या कामाचं नाही," ती म्हणाली.

सप्टेंबरात मावशी एल्क बेंडला आली. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडीशीच मोठी पेटी होती. एमेटने ती ट्रकच्या मागे ठेवू दिली नाही. एकशे नव्वद मैल ओपलच्या मांडीवर आली. दुसऱ्या डेल्फियाच्या शेजारी जागा केली होती. गावातली बरीच माणसं आली. न्हावी आला आणि टोपी काढून अगदी मागे उभा राहिला. जत्रा कमिटीचे अध्यक्ष एमेटला बाजूला घेऊन म्हणाले, "एमेट, ती धाव गाडीला परत बसवू या का? चारही चाकं सारखी होतील. मुलांना दाखवायलाही बरं."

"गाडी इथवर आली ना?" एमेट म्हणाला. "मग झालं तर."

धाव अम्ब्रोजने ठेवली होती तिथेच ठेवली, मुलीच्या उशाशी, अर्धी जमिनीत.

सगळे गेल्यावर ओपलने टोपली उघडली. प्लम हॉलोहून तिने डबाभर फळं आणली होती, त्यांची पाई केली होती. तिने तीन तुकडे कापले. एक एमेटला, एक स्वतःला, आणि तिसरा बशीत घालून त्या काळ्या कड्याच्या आत ठेवला. झेला तोवर आयडाहोला परतली होती. तिला कार्ड टाकून झालं होतं.

एमेट चावता चावता थांबला. "ओपल, एक सांगू? खिडकीतला तो तुकडा मी खायचो. दर वर्षी. मागून जाऊन."

ओपलने त्याच्याकडे वळून पाहिलं. "तू नाही. मी खायचे."

"शक्य नाही. मी गेलो की तुकडा असायचाच."

"मी गेले की पण असायचाच!"

ओपलने बशीतला तुकडा थोडा आत सरकवला, वाऱ्याची धूळ लागू नये म्हणून.

"म्हणजे आई परत ठेवत होती," एमेट म्हणाला.